खुर्ची मिळाली, पण कल्याणमित्र कुठे आहे?

आपल्या समाजातला एखादा माणूस मोठ्या पदावर पोहोचला की आपण त्याचा सत्कार करतो. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, चार भाषणे आणि शेवटी 'साहेबांनी समाजाला विसरू नये' असा एक प्रेमळ टोमणा. सत्काराला आमचा विरोध नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले गेले, त्याची मुले-मुली आत जाऊन खुर्चीवर बसतात तेव्हा टाळ्या वाजल्याच पाहिजेत. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तीच व्यक्ती कार्यालयात जाते. समोर एक अवघड फाईल असते. तिच्यावर सही करावी की करू नये, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते आणि विश्वासाने विचारावे असे कुणीही जवळपास नसते. या गोष्टीचा विचार आपण कधी केला आहे काय?

मार्गदर्शन हे शाळा-कॉलेजातल्या पोरांना लागते, स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना लागते, नव्याने नोकरीला लागलेल्यांना लागते, अशी आपली समजूत आहे. साहेब झाला म्हणजे त्याला सगळे कळते, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. माणूस जितका वर जातो, तितकी त्याला मार्गदर्शकाची गरज वाढते. आणि काळ जेव्हा अनिश्चित असतो, उद्या काय होईल हे कुणालाच सांगता येत नसते, तेव्हा तर ही गरज जगण्या-मरण्याइतकी मोठी होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या आठवड्यात मजुरांना पगार कशाने द्यायचा, हा प्रश्न लहानमोठ्या कारखानदारांपुढे उभा राहिला. २४ मार्च २०२० च्या रात्री अवघ्या चार तासांच्या अवधीत देश बंद झाला. जिल्ह्याचा कारभार पाहणारे अधिकारी, रुग्णालयांचे प्रमुख, कारखान्यांचे व्यवस्थापक, बँकांचे वरिष्ठ या सर्वांना असे निर्णय घ्यावे लागले, ज्यांचा पूर्वानुभव हयात असलेल्या कुणालाच नव्हता. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय अधिकाऱ्यांपुढे तर आणखी एक अनिश्चितता होती. पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. बाहेर महामारी, आणि आत स्वतःच्याच भवितव्याबद्दल टांगती तलवार. अशा वेळी डोके शांत ठेवून शेकडो माणसांचे नेतृत्व करणे हे सोपे काम नाही.

अशा वेळी वरिष्ठाने सल्ला कुणाला विचारायचा? हाताखालच्या माणसांना विचारले तर ते 'होय साहेब' म्हणतात, कारण त्यांचा गोपनीय अहवाल साहेबाच्या हातात असतो. बरोबरीच्यांना विचारावे तर तेही पुढच्या पदाच्या रांगेत उभे असतात. वरच्यांना विचारावे तर 'याला निर्णय घेता येत नाही' असा शेरा बसण्याची भीती. घरी बोलावे तर घरच्यांना काळजी लागते, आणि पहिल्या पिढीच्या घरात त्या कामातले बारकावे कळणारे कुणी नसते. म्हणून ज्याचा आपल्या निर्णयात काडीचाही स्वार्थ नाही, ज्याने असे प्रसंग स्वतः पाहिले आहेत, आणि जो तोंडावर खरे बोलेल, असा एक माणूस लागतो. इंग्रजीत त्याला मेंटॉर म्हणतात. आपल्याकडे त्याच्यासाठी फार सुंदर शब्द आहे, 'कल्याणमित्र'. भिक्खू आनंदाने भगवान बुद्धांना म्हटले की कल्याणमित्रांची सोबत म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन झाले. बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि ती सोबत म्हणजे अर्धे नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे असे सांगितले. ज्या धम्माने माणसाला स्वतःच्या प्रकाशात चालायला शिकवले, त्याच धम्माने सोबत्याचे मोल इतके मोठे मानले आहे.

'मला कशाला हवा मार्गदर्शक?'

जगातल्या सर्वात यशस्वी कंपन्यांकडे पाहा. २००१ मध्ये एरिक श्मिट गुगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याआधी त्यांनी नोव्हेल ही मोठी कंपनी चालवली होती. गुगलच्या संचालक मंडळातले जॉन डोअर यांनी त्यांना सुचवले की तुम्हाला एक कोच हवा. श्मिट यांना ते रुचले नाही. मी अनुभवी माणूस, मला कोच कशाला, माझ्यात काही कमी आहे काय, असे त्यांना वाटले. पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले की आपल्याला मिळालेला सर्वात चांगला सल्ला तोच होता.

तो कोच म्हणजे बिल कॅम्पबेल. गंमत अशी की हा माणूस कोलंबिया विद्यापीठाचा, म्हणजे ज्या विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. १९७४ ते १९७९ या काळात तो तिथल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता, आणि त्याच्या संघाने १२ सामने जिंकले तर ४१ हरले. असा हरलेला प्रशिक्षक चाळिशीच्या उंबरठ्यावर उद्योगक्षेत्रात आला, अ‍ॅपलमध्ये काम केले, इंट्यूट कंपनीचा प्रमुख झाला आणि पुढे स्टीव्ह जॉब्ज, श्मिट, लॅरी पेज यांच्यासारख्यांचा सल्लागार बनला. २०१६ मध्ये त्याचे निधन झाले.

२००४ मध्ये गुगलचे शेअर बाजारात येण्याच्या काही महिने आधी संचालक मंडळाने ठरवले की श्मिट यांनी मुख्य कार्यकारी राहावे, पण अध्यक्षपद सोडावे. श्मिट दुखावले. कंपनीच सोडून जावे असे त्यांच्या मनात आले. कंपनीच्या इतिहासातला सर्वात नाजूक क्षण आणि कप्तानच जहाज सोडायच्या विचारात! कॅम्पबेलने त्यांना आज मान खाली घालून पुढे चालायला लावले. स्वाभिमान दुखावला हे खरे, पण या घडीला संस्थेला तुमची गरज आहे, हे पटवले. श्मिट थांबले. काही वर्षांनी ते पुन्हा अध्यक्षही झाले. कॅम्पबेलने यात संगणकाचे कोणतेही तंत्र शिकवले नाही. ते त्याला येतही नव्हते. रागाच्या भरात घेतलेला निर्णय आणि विचाराने घेतलेला निर्णय यांच्यामध्ये तो उभा राहिला. मार्गदर्शकाचे अर्धे काम एवढेच असते.

दुसरे उदाहरण इंटेलचे. या कंपनीचे अँडी ग्रोव्ह हे हंगेरीतल्या ज्यू कुटुंबातले. नाझींच्या राजवटीत लपून जीव वाचवलेले, पुढे निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले. १९८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे इंटेलचा मेमरी चिप्सचा मूळ धंदा कोसळत होता. ज्या वस्तूवर कंपनी उभी राहिली ती सोडवत नव्हती, आणि धरून ठेवणे परवडत नव्हते. ग्रोव्ह हे तेव्हा अध्यक्ष होते, आणि त्यांच्याहून ज्येष्ठ गॉर्डन मूर हे मुख्य कार्यकारी. एके दिवशी ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारले की आपल्याला काढून टाकले आणि नवा माणूस आला, तर तो काय करेल? मूर यांनी ताबडतोब सांगितले की तो मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असा विचार पुढे आला. कंपनीने मायक्रोप्रोसेसरची वाट धरली. त्या बदलाची किंमत हजारो कामगारांनी नोकरी गमावून दिली, हेही आम्ही नमूद करतो. ते विसरून यशाच्या कथा सांगणे आम्हाला जमणार नाही. पण ज्येष्ठ सोबत्यासमोर मोकळेपणाने प्रश्न विचारता आला, म्हणून वर्षभर अडून बसलेला विचार पुढे सरकला, ही गोष्ट खरी आहे.

बडोद्याचे दोन धडे

इतक्या दूर जायचीही गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला. आधीच्या मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, कारभार विस्कटला होता, दरबारात कारस्थाने होती. त्या पोराला धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्याला इलियट नावाचे शिक्षक मिळाले आणि दिवाण टी. माधवराव मिळाले. माधवरावांनी १८८१ मध्ये तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्यानेच दिली. राजाने खजिना कसा वापरावा, प्रजेशी त्याचे नाते काय, दरबाऱ्यांशी कसे वागावे, हे समजावून सांगितले. ती व्याख्याने पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने पुस्तकरूपात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती राज्याचा कारभार आला, आणि १८८२ मध्ये माधवरावांनी दिवाणपद सोडले. शिकवून झाले, बाजूला झाले. पुढे छप्पन्नचा दुष्काळ आला तेव्हा आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले तेव्हा सयाजीराव स्वतःच्या बुद्धीने चालत होते. जो मार्गदर्शक आपल्यावाचून चालता येईल असा माणूस घडवतो, तोच खरा मार्गदर्शक.

हा बडोद्याचा पहिला धडा. दुसरा धडा कडू आहे आणि तो आपल्या प्रत्येक वाचकाला पाठ आहे. केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला, सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, बाबासाहेब कोलंबियाला गेले, आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. डोक्यावर प्रत्यक्ष महाराजांचा हात होता. हातात त्या दरबारात कुणाकडे नसेल अशी विद्या होती. तरीही शिपाई फायली दुरून टेबलावर फेकत. राहायला घर मिळेना. पारशांच्या सराईत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. बाबासाहेबांना बडोदे सोडावे लागले.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्याची साक्ष म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु नेतृत्वाच्या दृष्टीनेही त्यात एक शिकवण आहे. वर एकटा आश्रयदाता असून भागत नाही. आजूबाजूला सोबत नसेल, कार्यालयात विश्वासाचा माणूस नसेल, गावात निवारा नसेल, तर सर्वात लायक माणसालाही तिथे टिकू दिले जात नाही. वरचा हात आणि शेजारची सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपल्या अधिकाऱ्यांना आणि उद्योजकांना बहुतेक वेळा या दोन्ही मिळत नाहीत.

प्रस्थापितांना न मागता मिळते ते

'आमच्या माणसाला गॉडफादर नाही', हे वाक्य आपण कार्यालयांच्या कँटीनमध्ये किती वेळा ऐकतो! ते रडगाणे नाही, त्याला आधार आहे. भारतातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा २०१० सालचा तपशील घेऊन केलेला एक अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे आढळले. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन टक्के. आता विचार करा. ज्यांच्या घरात, नात्यात, क्लबात, लग्नाच्या पंगतीत हे संचालक बसतात, त्यांच्या मुलांना मार्गदर्शक शोधायला जावे लागते काय? काका बँकेचा चेअरमन, मामा सचिव, सासरे उद्योगपती. रविवारी दुपारच्या जेवणावर जे ज्ञान फुकट मिळते, ते आपल्या पहिल्या पिढीच्या अधिकाऱ्याला वीस वर्षे ठेचा खाऊन मिळते. आणि मग याच फरकाला 'गुणवत्ता' असे नाव दिले जाते!

२००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हेच लोक उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत होते. जो दरवाजातच अडवला जातो, त्याला आत गेल्यावर कुणी बोट धरून चालवील, ही अपेक्षा कशी करायची?

अमेरिकेतला अनुभव याहून फार वेगळा नाही. हार्वर्डमध्ये प्राध्यापक असताना डेव्हिड थॉमस या कृष्णवर्णीय अभ्यासकाने तीन मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या वाटचालीचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. अल्पसंख्य वंशाचे जे अधिकारी सर्वात वर पोहोचले, त्या सर्वांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांच्यामागे मार्गदर्शकांचे आणि पाठीराख्यांचे मजबूत जाळे होते. एक माणूस नव्हे, जाळे. थॉमस यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवली. गोरा मार्गदर्शक आणि काळा शिष्य दोघेही वंशाचा विषय काढायचे टाळतात. समोरचा दुखावेल म्हणून दोघेही गप्प बसतात, आणि त्या मौनामुळे मार्गदर्शन वरवरचे राहते.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात ठेवा, चित्र जसेच्या तसे उभे राहते. सवर्ण वरिष्ठ चांगला असला तरी 'तुमच्याबाबतीत लोक वेगळ्या मापाने मोजतात, म्हणून या फाईलवर दोन ओळी जास्त लिहा' असे तो सांगत नाही. आणि आपला अधिकारी 'मला भीती वाटते की माझी चूक ही माझ्या समाजाची चूक ठरवली जाईल' असे त्याला सांगत नाही. अनिश्चित काळात हीच भीती सर्वात घातक ठरते. निर्णय चुकला तर इतरांचा निर्णय चुकला असे म्हणतात, आपल्या माणसाचा चुकला तर 'कोट्यातून आला होता' असे म्हणतात. मग आपला माणूस निर्णयच टाळू लागतो, फाईल वर पाठवतो, समिती नेमतो. आणि मग त्याच्यावर दुसरा शिक्का बसतो, 'याच्यात नेतृत्वगुण नाहीत'. हा सापळा आहे. त्यातून एकट्याने बाहेर पडणे फार अवघड.

एकलव्याची भीती

येथे चळवळीतला वाचक विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की गुरू-शिष्याची ही भाषा तुम्ही आम्हाला कशाला शिकवता? द्रोणाचार्याने न शिकवता अंगठा मागितला, ते आम्ही विसरलो नाही. खरे आहे. म्हणूनच आम्ही 'गुरू' हा शब्द येथे वापरत नाही. गुरू दक्षिणा मागतो, पाया पडून घेतो, प्रश्न विचारू देत नाही. गॉडफादर तर त्याहून वाईट, तो उपकाराच्या बदल्यात निष्ठा मागतो. विभूतिपूजा ही राजकारणात अधोगतीची वाट असल्याचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कार्यालयातही तो तितकाच लागू आहे. कॅम्पबेलने गुगलकडून या कामाचा मोबदला घ्यायला नकार दिला होता. अंगठा मागणारा आणि काहीच न मागणारा, या दोघांतला फरक आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

खरा मार्गदर्शक मतभेद सोसतो. बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाला लंडनचे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत त्यांनी बाबासाहेबांच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे स्पष्ट सांगितले, आणि तरीही ग्रंथाच्या ताजेपणाचे मोल केले. शिष्य आपल्यासारखा बोलत नाही म्हणून त्याला मोडायचे नाही, त्याच्या वेगळ्या विचाराला धार लावायची. केळुस्कर, सेलिग्मन, जॉन ड्यूई, कॅनन यांपैकी एकही बाबासाहेबांच्या जातीचा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. आपला मार्गदर्शक आपल्याच समाजाचा असला पाहिजे असे बंधन घालून घेतले, तर आपण आपलीच कोंडी करू. विद्या जिथून मिळेल तिथून घ्यावी. मात्र जातीचा अनुभव ज्याने सोसला आहे असा किमान एक माणूस आपल्या जाळ्यात असावा, कारण काही गोष्टी त्यालाच न सांगता कळतात.

दुसरा आक्षेप असाही येईल की समाजातली पोरे बेरोजगार फिरत असताना साहेबांच्या एकटेपणाची काळजी कशाला? गावात अजून स्मशानाला रस्ता नाही आणि तुम्ही एसी केबिनमधल्यांचे दुःख सांगता? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु वरच्या खुर्चीवरचा माणूस गोंधळला, घाबरला किंवा चुकला, तर त्याची झळ खालीच पोहोचते. वसतिगृहाचा निधी परत जातो तो कुणाच्या तरी न झालेल्या सहीमुळे. आपल्या उद्योजकाचा कारखाना बुडाला तर त्यातले कामगारही बहुधा आपलेच असतात. शिवाय निवडीने भरल्या जाणाऱ्या सर्वोच्च पदांना आरक्षण नाही. तिथे माणूस पोहोचतो तो निर्णयक्षमतेच्या लौकिकावर, आणि तो लौकिक एकट्याच्या बळावर क्वचितच उभा राहतो. वर गेलेला माणूस टिकला, तरच खालच्याला वर येण्याची वाट उघडी राहते.

काय करता येईल?

२००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीची स्थापना केली आणि उद्योजकांना एकमेकांजवळ आणले. त्याआधी १९७८ मध्ये कांशीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफ उभी केली, तेव्हा शिकल्या-सवरल्या नोकरदारांनी समाजाचे ऋण फेडावे हा विचार मांडला. या विचारांशी कुणाचे राजकीय मतभेद असतील तर असोत, पण ऋण फेडण्याची कल्पना प्रत्येकाने स्वीकारली आहे. आमचे म्हणणे एवढेच की हे ऋण फक्त वर्गणीने फेडले जात नाही. अनुभवानेही फेडता येते, आणि तो देणगीहून महाग आहे.

आज महाराष्ट्रात आपल्या निवृत्त अधिकाऱ्यांची मोठी पिढी आहे. महसूल, पोलीस, रेल्वे, बँका, विमा, वीज मंडळ, आयुध निर्माणी, विद्यापीठे, न्यायव्यवस्था या सर्व ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे काढलेली माणसे. खोट्या तक्रारी, विभागीय चौकश्या, रातोरात बदल्या, राजकीय दबाव, दंगलीची रात्र, पुराची रात्र हे सर्व त्यांनी पाहिले आहे. हे ज्ञान त्यांच्यासोबत संपून जाऊ देणे हा समाजाच्या संपत्तीचा अपव्यय आहे. सकाळी बागेत फिरताना ते एकमेकांना जे किस्से सांगतात, ते ऐकायला ज्याला खरी गरज आहे तोच तिथे नसतो.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. प्रत्येक जिल्ह्यातल्या कर्मचारी-अधिकारी संघटनेने दहा-बारा निवृत्त, निःस्पृह, अनुभवी माणसांची यादी करावी. सेवेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने किंवा उद्योजकाने त्यांपैकी एकाची निवड स्वतः करावी, वरून लादू नये. महिन्यातून एकदा तासभर भेट पुरे. जे बोलले जाईल ते त्या खोलीबाहेर जाऊ नये, हा नियम काटेकोर पाळावा. शासकीय गोपनीय कागद दाखवायचे नाहीत आणि मागायचेही नाहीत. विचार कसा करायचा एवढेच बोलायचे. मार्गदर्शकाने त्या अधिकाऱ्याकडे कोणाच्याही बदलीसाठी, टेंडरसाठी, भाच्याच्या नोकरीसाठी शब्द टाकायचा नाही. ज्या दिवशी तो शब्द टाकला जाईल, त्या दिवशी कल्याणमित्र संपला आणि दलाल सुरू झाला, असे समजावे.

मार्गदर्शकाने उत्तरे देण्याची घाई करू नये. प्रश्न विचारावेत. यातले तुला नक्की काय माहीत आहे आणि काय नुसते वाटते? निर्णय आजच हवा की आठ दिवस थांबता येईल? हा निर्णय उलटला तर परत फिरता येईल काय? कुणाचे नुकसान होईल आणि त्याला कुणी विचारले आहे काय? तुझ्या जागी दुसरा आला तर तो काय करेल? भीती कशाची आहे, निर्णयाची की लोकांच्या बोलण्याची? इतक्या प्रश्नांवर प्रामाणिक बोलणे झाले, तर निम्मा गोंधळ आपोआप निवळतो. उरलेल्या निम्म्यासाठी धैर्य लागते, आणि पाठीशी कुणी आहे हे माहीत असले की धैर्य येते.

आपल्या भगिनी अधिकाऱ्यांचा विचार तर वेगळा आणि आधी केला पाहिजे. त्यांच्यावर जातीचा आणि बाईपणाचा असा दुहेरी भार असतो. कार्यालय सुटल्यावर पुरुष अधिकारी चहाच्या टपरीवर, क्लबात, प्रवासात जी सल्लामसलत करतात, तिथे त्यांना जागा नसते. निवृत्त महिला अधिकारी, प्राचार्या, डॉक्टर, वकील यांची वेगळी यादी व्हावी आणि तिचे काम महिलांच्याच हाती असावे.

आणि सेवेत असलेल्या वरिष्ठांनाही दोन शब्द. सल्ला विचारणे हा कमीपणा आहे, ही समजूत सोडून द्या. आपल्याला शंभर टक्के येते हे सिद्ध करायची सवय आपल्याला लागली, कारण जगाने आपल्याकडून सतत पुरावे मागितले. पण ज्याला सारे येते असा वरिष्ठ जगात नाही. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. त्याच्या काहीच दिवस आधी जॉन ड्यूई वारले होते. तोवर बाबासाहेब घटनेचे शिल्पकार म्हणून जगात ओळखले जात होते, देशाचे कायदामंत्री होऊन गेले होते. तरीही आपल्या बौद्धिक जीवनाचे ऋण आपण या प्राध्यापकाचे मानतो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. ज्यांना साऱ्या जगाने विद्वान मानले, त्यांना ऋण मान्य करताना लाज वाटली नाही. मग आपल्याला विचारताना का वाटावी?

पुढचा काळ आणखी अनिश्चित आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणती कामे राहतील आणि कोणती जातील हे सांगता येत नाही. सार्वजनिक उद्योग आकसत आहेत, कंत्राटी पद्धत वाढत आहे, पाऊसपाण्याचा भरवसा उरलेला नाही. या काळात आपली माणसे खुर्चीवर असतील, आणि त्यांच्या सहीवर हजारोंचे पोट अवलंबून असेल. त्यांना एकटे सोडणे समाजाला परवडणारे नाही. निवृत्तांनी पुढे यावे, सेवेतल्यांनी दार ठोठवावे, संघटनांनी दोघांची गाठ घालून द्यावी. यासाठी ना सरकारी अनुदान लागते, ना कुणाची परवानगी. संघटित व्हा हा आदेश कामगारांच्या मोर्चापुरता नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसालाही तो तितकाच लागू आहे.

जयभीम!